रॉटवायलर, केन कोर्सो, कॉकेशियनचं पिल्लू दुसऱ्या घरी द्यायचं असेल तर

घरात चार-पाच महिन्यांचं रॉटवायलर आहे, किंवा केन कोर्सो, कॉकेशियन शेफर्ड, बुलमास्टिफ असं मोठ्या राखणदार जातीचं काहीतरी, आणि आता हे आपल्याच्याने जमणार नाही असं लक्षात आलंय, अशा लोकांसाठी हे लिहितेय. पुणे, ठाणे, नाशिक कुठल्याही पेट ग्रुपवर बघा, अशा पोस्ट सारख्या येत असतात आणि मजकूर जवळपास तोच असतो, जॉब ट्रान्सफर, घरात बाळ येणार आहे, सोसायटी त्रास देतेय, अर्जंट, फ्री टू गुड होम. द्यावं लागतंय यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कसं देता यावर मात्र त्या जिवाची पुढची दहा वर्षं ठरतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझं म्हणणं एकच आहे, आणि बाकीचं सगळं त्यातूनच येतं. घर शोधताना समोर झोपलेल्या पिल्लाकडे बघू नका, ते दोन वर्षांचं झाल्यावर कसं असेल ते डोळ्यासमोर ठेवा. रॉटवायलरचा नर साधारण ५० किलोचा होतो, केन कोर्सो ४५ ते ५०, कॉकेशियनचा नर ५० च्या पुढेच. आणि नुसतं वजन नाही, स्वभावही बदलतो. राखणदार जातीचं पिल्लू सहा महिन्यांपर्यंत बहुतेक सगळ्यांच्या अंगावर प्रेमाने उड्या मारतं, पण एक ते दोन वर्षांच्या मधे कधीतरी ते दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतं, कारण शेकडो वर्षं त्या जातीला त्याच कामासाठी वाढवलंय. आज व्हिडिओ बघून "सो क्यूट, मी घेतो" म्हणणारे पन्नास जण मिळतील. त्यातला दोन वर्षांनीही तो कुत्रा नीट सांभाळेल असा एक शोधायचा, एवढंच काम आहे, पण त्याला वेळ लागतो. महिना-दोन महिने धरून चाला.

आधी खरंच द्यायचंय का ते बघा

हे थोडक्यात सांगते कारण बरेच जण विचार करूनच इथपर्यंत आलेले असतात. पण "चावतो" हे कारण असेल तर थांबा. साडेतीन-चार महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के दात येतात, त्या काळात पिल्लू हात, पाय, सोफा, चपला, काय सापडेल ते चावतं. तो राग नसतो, हिरड्या शिवशिवत असतात आणि दिवसभर फ्लॅटमधे बसून अंगातली शक्ती जिरलेली नसते. एकदा व्हेटला दाखवा (कान किंवा सांधे दुखत असतील तरी पिल्लू हात लावू देत नाही), एखाद्या चांगल्या ट्रेनरला, म्हणजे मारून शिकवणाऱ्याला नाही, घरी बोलवा. सोसायटीचं कारण असेल तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा, सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही असं त्यात स्पष्ट म्हटलंय. भाड्याच्या घरात घरमालकाचा प्रश्न असेल तर तो वेगळा, तिथे खरंच अडचण होते.

आणि पहिला फोन ज्याच्याकडून पिल्लू आणलं त्याला करा. चांगला ब्रीडर आपलं पिल्लू परत घेतो किंवा ओळखीतलं घर सांगतो. "आता माझा काही संबंध नाही" असं उत्तर आलं तर त्याच्याकडे परत द्यायचा विषय संपला, फक्त आई-बापाचा स्वभाव कसा होता, त्यांना सांध्यांचा काही त्रास होता का, एवढं गोड बोलून विचारून घ्या. पुढच्या घराला ते सांगता येतं.

हे करूच नका

हायवेला, घाटात, एमआयडीसीत सोडून येणं. जातिवंत पिल्लाला रस्त्यावर जगता येत नाही, तिथली कुत्री त्याला त्यांच्या हद्दीत टिकू देत नाहीत, आणि मोठ्या आकाराचं काळं कुत्रं मोकळं फिरताना दिसलं की लोक घाबरून दगड, काठ्या घेतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत जनावर सोडून देणं गुन्हा आहे. त्यातला दंड फार जुना आणि किरकोळ आहे हे खरं, पण म्हणून तो गुन्हा नाही असं होत नाही.

शेल्टरच्या गेटला रात्री बांधून जाणंही तसंच. बहुतेक शेल्टर भरलेली असतात, जखमी आणि आजारी कुत्री तिथे असतात, लसी पूर्ण न झालेलं पिल्लू तिथे गेलं तर पार्व्हो किंवा डिस्टेंपर असा जीवघेणा आजार घेऊन बसायची शक्यता मोठी. शेल्टरची मदत घ्यायचीच असेल तर फोन करा, पिल्लू तुमच्याच घरी ठेवा आणि त्यांना फक्त तुमची पोस्ट पुढे पाठवायला सांगा. ते आनंदाने करतात.

अजून एक, घाबरून जाऊन देऊ नका. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवलं होतं, त्यात रॉटवायलर, केन कोर्सो, कॉकेशियन, कांगाल, बोअरबोल, पिटबुल अशा २३ जातींची यादी होती, त्यांची विक्री आणि पैदास थांबवा असं म्हटलं होतं. त्यानंतर किती जणांनी कुत्री टाकून द्यायची तयारी केली ते आम्ही बघितलंय. कर्नाटक हायकोर्टाने ते पत्रक १० एप्रिल २०२४ ला रद्द केलं, संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलंय म्हणून. पण काही शहरांचे स्वतःचे नियम आहेत, गाझियाबादने २०२२ मधे पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनोवर बंदी घातली होती. म्हणून नवीन घर दुसऱ्या शहरात, गोव्यात किंवा दुसऱ्या राज्यात असेल तर तिथल्या महापालिकेत किंवा पंचायतीत आजचा नियम काय आहे ते आधी विचारा, लायसन्स मिळतंय ना ते बघा, मगच शब्द द्या. नाहीतर दोन महिन्यांत पिल्लू परत रस्त्यावर.

पोस्ट टाकण्याआधीची तयारी

लसीकरणाचं कार्ड पूर्ण करा. सहा-आठ आठवड्यांपासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चार महिन्यांचं होईपर्यंत डीएचपीपीआय (डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची एकत्र लस) आणि लेप्टोचे डोस, तीन महिन्यांनंतर रेबीज, मग त्याचा बूस्टर. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे जाऊ द्या आणि मगच घर बदला, कारण प्रवास आणि नवीन जागा याचा ताण पडला की प्रतिकारशक्ती ढासळते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू तर कुठेच हलवू नका, २०१७ च्या ब्रीडिंगच्या नियमांतही त्या वयाआधी विक्रीला मनाई आहे, आणि आईजवळ, भावंडांत राहून पिल्लू चावण्याचा जोर किती ठेवायचा ते शिकतं. जंताचं औषध वेळेवर दिलेलं असू दे. गोचीड बघा, कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी, आणि पिल्लू मलूल असेल, हिरड्या फिकट दिसत असतील तर रक्त तपासून घ्या, आपल्याकडे गोचीड ताप फार आहे आणि नवीन माणसाच्या घरी जाऊन आठव्या दिवशी तो उघडा पडला की तुमच्यावरचा विश्वास गेला. मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती ओळख-नंबराची चिप) बसवून घ्या, नंबर कार्डावर चिकटवा.

मग एका कागदावर पिल्लाची खरी माहिती लिहा, आणि इथे कृपा करून काही लपवू नका. कशाला घाबरतं, कुकरची शिट्टी, हेल्मेट घातलेला माणूस, झाडू. कारमधे उलटी करतं का. रात्री किती वाजता शू करायला उठतं. लहान मुलांशी कसं वागतं, मांजर दिसलं तर काय करतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाताना कोणी जवळ गेलं तर काय होतं. हे नीट बघून लिहा. तुम्ही ताटलीच्या दिशेने पाऊल टाकलं की पिल्लू भरभर खायला लागतं, मान खाली ठेवून एकदम ताठ होतं, तोंड ताटलीतच पण डोळ्याच्या कडेने तुमच्याकडे बघतं, आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, हे सगळं गुरगुरण्याच्या आधीचं असतं. पुष्कळ घरांत हे कोणाच्या लक्षातच आलेलं नसतं आणि "अचानक अंगावर आला" असं सांगतात. या वयात यावर काम करता येतं, पण ज्या घरात दोन वर्षांचं रांगतं-धावतं मूल आहे तिथे असं पिल्लू देऊ नका, मग ते लोक कितीही चांगले असोत. कोणाला दात लागलेले असतील तर कधी, कुठे, का, टाके पडले का, सगळं लिहा. लपवून दिलं आणि तिथे कोणाला चावलं तर जखम त्या माणसाला होते आणि जीव त्या कुत्र्याचा जातो.

खाण्याबद्दलही लिहा. कोणतं खाणं, किती ग्रॅम, किती वेळा. आणि नवीन घराला बजावून सांगा की मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला वरून कॅल्शियमचं सिरप पाजायचं नाही. आपल्याकडे "हाडं मजबूत होतील" म्हणून जो तो बाटली आणतो, पण लहान वयात पिल्लाच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, ते शोषलं जातं आणि हाडांची वाढ बिघडते, पाय वाकडे होतात, सांधे दुखतात. लार्ज ब्रीड पपी म्हणून जे खाणं मिळतं त्यात ते मोजून घातलेलं असतं. घरचं जेवण देत असाल तर ते व्हेटला विचारून बसवा.

पोस्ट कशी लिहायची

"फ्री" आणि "अर्जंट" हे दोन शब्द काढून टाका. ते वाचून जे पहिले फोन येतात ते बहुतेक तेच लोक असतात ज्यांना द्यायचं नाही. जात, वय, आजचं वजन, मोठेपणी होणारं वजन, लसी, चांगल्या सवयी आणि अडचणीच्या सवयी लिहा, आणि घर कसं हवंय ते लिहा. फोटो टाकताना एक पिल्लाचा आणि एक त्याच जातीच्या पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचा, शेजारी माणूस उभा असलेला. एवढ्या एका फोटोने निम्मे हौशी लोक आपोआप गळतात. पत्ता टाकू नका, घराची खूण दिसेल असा फोटोही नको, जातिवंत पिल्लं चोरीला जातात.

पैशांचं काय, यावर लोकांचे वाद आहेत. माझं मत सांगते, पिल्लाची किंमत घेऊ नका, पण फुकटही जाऊ देऊ नका. समोरच्याला सांगा की नेण्याआधी मोठा क्रेट किंवा मजबूत गादी, पट्टा, हार्नेस, १० किलोची खाण्याची बॅग आणा, आणि त्यांच्या व्हेटकडे एक तपासणी त्यांनीच पैसे भरून करून घ्यावी. मोठ्या जातीचं वाढतं पिल्लू महिन्याला १२-१५ किलो कोरडं खाणं सहज संपवतं. ज्याला ही पहिली खरेदीच जड जातेय त्याला रात्री अकरा वाजता पोट फुगलेल्या कुत्र्याला घेऊन इमर्जन्सीत धावणं झेपणार नाही. असं सरळ विचारायला आपल्याला संकोच वाटतो, पण विचारा.

फोनवर काय विचारायचं

पहिले दोन-तीन मिनिटं तुम्ही काही बोलूच नका, त्यांना बोलू द्या. ते आधी काय विचारतात त्यावरून खूप कळतं. "फीमेल आहे का? पेपर आहेत का? हीटवर (माजावर) आली का?" अशी सुरुवात झाली की समजा त्यांना पिल्लावळ काढून विकायची आहे. "किती अ‍ॅग्रेसिव्ह आहे?" असं कौतुकाने विचारणारा नको. "कान कापून घेऊ ना?" म्हणणारा नको. रात्रीत गाडी पाठवतो, बघायला यायची गरज नाही, व्हिडिओवरच फायनल करू, असं म्हणणारा तर अजिबात नको, तो पुढे विकणारा असतो. आणि कुत्र्यांच्या झुंजी लावणारे लोक अजून आहेत, झुंजी बेकायदा आहेत, पण त्यासाठी मोठ्या जातीचे नर शोधणारे गोड बोलूनच येतात.

चांगला माणूस उलट तुम्हालाच प्रश्न विचारून हैराण करतो. का देताय, रात्री रडतो का, आमच्याकडे आधीचा लॅब्रॅडॉर आहे त्याच्याशी जमेल का. असा माणूस भेटला की तुमचे प्रश्न काढा. घर स्वतःचं की भाड्याचं, घरमालकाची लेखी परवानगी आहे का. घरात कोण कोण आहे आणि सगळ्यांची तयारी आहे का (एकट्या मुलाचा हट्ट असेल तर आईशी बोला, कारण दोन महिन्यांनी खायला घालणारी तीच असते). ५० किलोचं कुत्रं ओढायला लागलं तर सकाळी सात वाजता पट्टा कोणाच्या हातात असणार. गणपतीत, मे महिन्यात सगळे गावी जातात तेव्हा त्याला कोण बघणार. आधी कुत्रं होतं का, ते कुठे गेलं, कशाने गेलं, त्याचा व्हेट कोण. त्या व्हेटचा नंबर घ्या आणि खरंच फोन लावा. आधीचं कुत्रं "पळून गेलं" हे दोनदा ऐकू आलं तर आभार मानून फोन ठेवा.

घरात आधीच मोठा नर असेल तर दुसरा नर देताना फार विचार करा, या जातींत नरानराचं मोठेपणी बिनसतं. नर-मादी जोडी बरी, पण मग पिल्लं होऊ न देण्याची जबाबदारी येते. मोठ्या जातींत हाडांची वाढ पूर्ण व्हायला दीड-दोन वर्षं लागतात, त्यामुळे बरेच व्हेट नसबंदी तेवढी पुढे ढकलायला सांगतात, आणि मादी त्याच्या आधीच हीटवर येते. ते तीन आठवडे दोघांना वेगळं ठेवायची जागा आहे का, हे बघूनच ठरवा.

"शेतावर राखणीला पाहिजे"

हा फोन हमखास येतो, म्हणून याच्यावर वेगळं लिहितेय. आपल्याला वाटतं, मोकळी जागा, हवा, किती छान. काही ठिकाणी खरंच छान असतं. वस्तीवर माणसं कायम राहतात, गोठ्याजवळ पोरंबाळं असतात, कुत्रं दिवसभर त्यांच्या मागेमागे फिरतं, अशी घरं मी बघितलीत आणि ती फ्लॅटपेक्षा शंभर पटीने चांगली. पण "फार्महाऊसवर" याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की मालक शनिवार-रविवार येणार, बाकी दिवस वॉचमन एकदा भात टाकणार आणि कुत्रं चोवीस तास साखळीला. राखणदार जातीला माणसांपासून तोडून साखळीला बांधलं की ते राखण करायला शिकत नाही, नुसतं भीतीने प्रत्येकावर धावून जायला शिकतं, आणि एक दिवस साखळी तुटते. कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायचं टाळणं हेसुद्धा १९६० च्या कायद्यात, त्याच कलम ११ मधे क्रूरता म्हणून लिहिलंय, हे समोरच्याला सांगा.

दुसरी गोष्ट बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड, तिकडे नाशिक, अहिल्यानगरचा उसाचा पट्टा, इथे बिबट्या रात्री वस्तीत येतो आणि कुत्रं हे त्याचं नेहमीचं खाणं आहे. "अहो रॉटवायलर आहे, बिबट्याला फाडेल" असं लोक बिनधास्त म्हणतात. नाही फाडत. बांधलेल्या कुत्र्याला तर पळायलाही जागा नसते. धनगरांची कुत्री कळपाबरोबर राहतात तेव्हा सोबत माणूस जागा असतो, दोन-चार कुत्री असतात, आणि खिळे लावलेले पट्टे गळ्यात घालतात ते बिबट्या, लांडगा मानेलाच धरतो म्हणूनच. तुमचं सहा महिन्यांचं एकटं पिल्लू तिथे म्हणजे आमिष झालं. त्या भागात द्यायचं असेल तर अट एकच, अंधार पडल्यावर घराच्या आत किंवा वरूनही जाळी असलेल्या पक्क्या खोलीत. ती खोली बांधलेली आधी स्वतः बघा, मग पिल्लू द्या.

आणि कॉकेशियन, सेंट बर्नार्ड, तिबेटन मास्टिफ असलं दाट केसांचं पिल्लू असेल तर नागपूर, अकोला, चंद्रपूरला देऊ नका. ४५ डिग्रीत ते जगवायचं म्हणजे दिवसभर एसी, आणि लाईट गेली की संपलं. केस भादरून उपयोग नसतो, उलट ऊन थेट कातडीवर येतं.

घर बघायला स्वतः जा

हे टाळू नका, लांब असेल तर त्या गावातल्या एखाद्या ओळखीच्या पेट पॅरेंटला पाठवा. शक्यतो दुपारी जा, म्हणजे ऊन कुठे येतं ते कळतं. कुत्र्याची म्हणून दाखवलेली जागा पत्र्याखाली असेल तर खाली हात लावून बघा केवढी तापलीय. कंपाउंडची भिंत निदान पाच-सहा फूट हवी, गेटच्या खाली फट किती आहे बघा, पिल्लू तिथून डोकं घालतं आणि अडकतं, आणि कॉकेशियन तर खणून बाहेर पडतो. गेटची कडी आतून-बाहेरून कशी लागते, कुरिअरवाला, दूधवाला, कचरेवाल्या ताई आत कुठपर्यंत येतात. यातला एक जरी माणूस रोज सरळ अंगणात येत असेल तर पुढे तिथेच चावा होणार, तेव्हा मधे दुसरं छोटं गेट बसवायला सांगा. आत सगळीकडे गुळगुळीत टाइल्स असतील तर पिल्लाच्या जागेपुरत्या तरी रबराच्या मॅट टाकायला सांगा, मोठ्या जातींत खुब्याच्या सांध्याचा त्रास आधीच असतो आणि घसरून तो वाढतो.

आणि खाली बघत चला. भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर लोखंडी कडी ठोकलेली असेल आणि तिच्यासमोर फरशीवर किंवा मातीत अर्धगोल घासल्याची खूण असेल, तर आधीचं कुत्रं साखळीच्या तेवढ्याच लांबीत वर्षानुवर्षं फिरलेलं आहे. तोंडाने "आम्ही कधीच बांधत नाही" म्हणत असतील तरी ती खूण खरं सांगते. तिथून चहा पिऊन निघा आणि घरी येऊन नाही कळवा. आमच्या ओळखीतच एका ताईंना अशी खूण दिसली, त्यांनी तरी भिडेपोटी पिल्लू दिलं, आणि पुढे ते परत आणताना महिनाभर रोज भांडावं लागलं.

पुढच्या भेटीत पिल्लाला घेऊन जा. घरातल्या लोकांनी त्याच्यावर झडप घालू नये, जमिनीवर बसून वाट बघावी. कोण वाट बघू शकतं आणि कोणाला पाच मिनिटांतच उचलून सेल्फी पाहिजे, ते तिथेच दिसतं.

कागदपत्रं

दत्तक करार लिहून घ्या. दोघांची नावं, पत्ते, फोन, ओळखपत्राची कॉपी, पिल्लाचा फोटो, चिप नंबर, दोन साक्षीदार. त्यात इतकं तरी हवं: पिल्लावळ काढणार नाही, व्हेट सांगेल त्या वयात नसबंदी करणार, कायम साखळीला बांधणार नाही, लसी आणि महापालिकेचं लायसन्स वेळेवर करणार, आणि ठेवणं जमलं नाही तर कोणालाही न देता मलाच परत देणार. शेवटची अट सगळ्यात मोठी आहे, ती वाचून दाखवा. स्वभावाची जी माहिती तुम्ही लिहिली त्या कागदावरही त्यांची सही घ्या. केनेल क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे जातीच्या नोंदणीचं, सर्टिफिकेट असेल तर मालकी बदलायचा अर्ज वेगळा असतो, पण माझ्या मते नसबंदी होईपर्यंत ते पेपर तुमच्याकडेच ठेवा, करारात तसं लिहा. तुमच्या नावावरचं लायसन्स रद्द करून त्यांच्या नावाने नवीन काढायला लावा आणि चिपच्या नोंदीत फोन नंबर बदला. हे राहून गेलं तर उद्या त्याने कोणाला जखमी केलं की निष्काळजीपणाची तक्रार तुमच्या नावावर यायची, भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ त्यासाठीच आहे.

देण्याचा दिवस

दिवाळीच्या आसपास देऊ नका, फटाक्यांत नवीन जागा म्हणजे पिल्लू पळालंच म्हणून समजा. लग्न, पूजा, पाहुणे असलेल्या घरातही नको. शनिवारी सकाळी न्या, म्हणजे दोन दिवस कोणीतरी घरी असतं. प्रवासाआधी चार-पाच तास खायला घालू नका, पाणी थोडं थोडं द्या. गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस, दोन्हीला हातात धरायचा वेगळा बेल्ट, आणि पट्ट्यावर नवीन मालकाचा नंबर आधीच लिहिलेला. गाडी थांबली की दार उघडण्याआधी बेल्ट हातात आहे ना बघा, पेट्रोल पंपावर आणि ढाब्यावर निसटलेली पिल्लं मिळत नाहीत.

सोबत दहा दिवसांचं आत्ताचंच खाणं द्या, ते हळूहळू नव्यात मिसळायचं. त्याची ताटली, खेळणं, आणि तो झोपतो ती चादर न धुता द्या. तिथे पोचल्यावर आधी बाहेर शू करवा, मग एक खोली दाखवा, पूर्ण घर नको. पहिली फेरी तुम्ही आणि नवीन मालक मिळून मारा, बेल्ट अर्ध्या वाटेत त्यांच्या हातात द्या. मग निघा, गेटपाशी रेंगाळून परत परत लाड करू नका, त्याला ते जास्त कठीण जातं. रडू येतंच, गाडीत बसून रडा.

नंतर

पहिले दोन-तीन दिवस पिल्लू कदाचित नीट खाणार नाही, कोपऱ्यात बसेल किंवा रात्रभर ओरडेल, हे नवीन घराला आधीच सांगून ठेवा म्हणजे ते घाबरून परत आणायला निघत नाहीत. उलट्या, रक्ताचे जुलाब, ताप असेल तर मात्र वाट न बघता व्हेट. तिसऱ्या दिवशी फोन करा, मग आठवड्याला, मग महिन्याला, व्हिडिओ मागवा, पण पहिले दोन महिने भेटायला जाऊ नका, त्याला नव्या माणसांत रुळू द्या.

लोक इथे थांबतात, तीन-चार महिने फोटो आले की झालं म्हणतात. पण अडचण खरी येते ते पिल्लू १२ ते १८ महिन्यांचं होतं तेव्हा. पाहुण्यांवर भुंकायला लागतं, दुसऱ्या कुत्र्यांवर धावतं, बोलावलं तर ऐकत नाही, आणि याच वयात ते पुन्हा पोस्टमधे दिसतं, आता "रागीट" म्हणून, आणि त्या वयाच्या ५० किलोच्या कुत्र्याला घर मिळणं फार अवघड असतं. म्हणून कॅलेंडरमधे त्याच्या पहिल्या वाढदिवसाची आणि दीड वर्षाची तारीख टाकून ठेवा आणि तेव्हा मुद्दाम फोन करा. "सगळं ठीक ना?" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. "दारावर कोणी आलं की काय करतो? शेवटचं कोण येऊन गेलं, तेव्हा काय झालं?" असं विचारा. थोडी जरी कुरबूर ऐकू आली तर तेव्हाच ट्रेनर सुचवा, फी निम्मी देता आली तर द्या.

आणि त्यांनी परत आणतो म्हटलं तर हो म्हणा, का, कसं, ते नंतर बोला. तुमच्याकडे ठेवायला जागा नसेल तर कुत्र्यांचं चांगलं बोर्डिंग किंवा ओळखीचं फॉस्टर (तात्पुरतं सांभाळणारं) घर आत्तापासून ठरवून ठेवा. परत आल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस नवीन पोस्ट टाकू नका. व्हेटकडे तपासणी, शांत जागा, ठरलेल्या वेळेला खाणं-फिरणं, आणि या वेळी स्वभावाचा कागद पुन्हा नव्याने लिहा, कारण मधल्या काळात त्याने जे काही शिकलंय ते पुढच्या घराला माहीत असायला हवं.